मेच्या सुटीत केनिया? एका शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकांनी विचारले आहे की, येत्या मे महिन्याच्या सुटीत पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि आईवडील यांना घेऊन केनियाला जावे का. वडील ६८ वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना मधुमेहही आहे. आई त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान आहेत. एका प्रवास कंपनीने त्यांना सात रात्रींचा कार्यक्रम दिला आहे: नैरोबीत एक रात्र, अंबोसेलीत दोन, नाकुरू आणि नैवाशा येथे एकेक आणि मसाई मारामध्ये दोन. टिपेश्वर आणि ताडोबा त्यांनी अनेकदा पाहिलेले आहेत, त्यामुळे ‘मे महिन्यात आपल्याकडे पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो, तसेच तिकडेही असेल ना,’ असा त्यांचा अंदाज आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी वडिलांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत दिला आहे: ‘तिकडे वाघ नाही, तर इतका पैसा लावून पाहाचं काय?’

मी मोहर्लीच्या बाजूच्या एका गावात राहतो. तेरा वर्षे ताडोब्यात जिप्सीवर गाईडचे काम केले आणि त्यानंतरची नऊ वर्षे चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा या भागांतील लहान गटांना परदेशातील जंगले दाखवायला नेतो आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत अनेकदा आलेला आहे, आणि त्याचे पहिले उत्तर मी स्वतः चुकवले होते, हेही आधीच सांगून टाकतो.

आपण ‘हे पॅकेज घ्यावे का’ असे विचारले आहे. मला खरी अडचण वेगळीच दिसते. आपण ताडोब्याचा हिशेब केनियाला लावता आहात. आपल्याकडे उन्हाळा जसजसा तापतो तसतसे जंगल उघडे पडते, ऐन आणि बांबूची पाने झडतात, नाले आटतात आणि शेवटी सगळे जंगल चार-दोन पाणवठ्यांभोवती गोळा होते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जिप्सीत बसण्याची तयारी असलेल्या माणसाला म्हणूनच मे महिना फळतो. मे महिना स्वतः काही शुभ नाही. पाणी कमी होते आणि आडोसा कमी होतो, एवढेच त्यामागचे कारण आहे. केनिया विषुववृत्तावर आहे. तिथे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा नसतो, दोन पावसाळे असतात. मोठा पाऊस साधारण मार्च ते मे आणि छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. म्हणजे आपण ज्या महिन्यात पाणवठ्याची आशा धरता, त्या महिन्यात मसाई माऱ्यात जिकडेतिकडे पाणी साचलेले असते, गवत वाढलेले असते आणि कोणत्याही प्राण्याला विशिष्ट ठिकाणी येण्याची गरज नसते.

मी पहिल्यांदा माऱ्याला गेलो तो मे महिन्याचाच दुसरा आठवडा होता. ज्या कंपनीने गट नेला होता तिने ‘गर्दी नाही, दर कमी’ एवढेच सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. मात्र माऱ्याची माती बहुतांश भागात काळी कापशी आहे, अगदी आपल्या वणी-वरोऱ्याच्या वावरासारखी, हे कोणी सांगितले नव्हते. पाऊस पडल्यावर काळ्या रानात बैलगाडी कशी रुतते हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही; आमची व्हॅन तशीच चाकाच्या आसापर्यंत रुतली आणि तिला ओढून काढायला दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही तीन तास गाडीतच बसून राहिलो. त्या प्रवासात सिंह दिसले, नाही असे नाही. मे महिन्यात माऱ्यात काहीच दिसत नाही असे म्हणणारे अतिशयोक्ती करतात, कारण सिंह, हत्ती, जिराफ हे तिथे बाराही महिने असतात. पण आयुष्यात एकदाच जाणाऱ्या, गुडघे दुखणारे वडील सोबत असलेल्या कुटुंबाला मी तो महिना सुचवणार नाही.

आता इथून पुढचे उत्तर आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी आपण पत्रात लिहिलेल्या नाहीत. मे महिनाच हवा अशी सक्ती आहे का, की सुटी असेल तेव्हा चालेल? आणि वडील अजून स्वतः पेरणीला उभे राहतात, की शेती ठेक्याने अथवा बटईने दिलेली आहे?

हे दुसरे विचारण्याचे कारण असे. आपल्या भागातल्या कुटुंबांना एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही. राज्यात इतरत्र शाळा साधारणपणे जूनच्या मध्याला भरतात, विदर्भात मात्र उन्हामुळे त्या जूनच्या अखेरच्या आठवड्यात सुरू होतात. नेमकी तारीख दरवर्षीच्या परिपत्रकावर ठरते आणि शिक्षकांना थोडे आधी बोलावले जाऊ शकते, ते आपण पाहालच. पण जूनचा दुसरा आणि तिसरा आठवडा बहुधा मोकळा असतो, आणि माऱ्याच्या दृष्टीने हा काळ चांगला आहे: मोठा पाऊस सरलेला असतो, रस्ते वाळू लागतात आणि जुलैची गर्दी अजून आलेली नसते. शिवाय २०२४ मध्ये ठरलेल्या दरांनुसार मसाई मारा राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर आहे, आणि हे तिकीट बारा तासांचेच असते. आपण चौघे मोठे. मुलगी लहान असल्याने तिला शुल्क पडू नये. तीन दिवसांचे जूनमध्ये १,२०० डॉलर होतात आणि तेच १ जुलैनंतर २,४०० डॉलर. फरक लाख रुपयांच्या घरातला आहे. दर बदलू शकतात, म्हणून नोंदणीच्या वेळी कंपनीकडून हा आकडा वेगळा लिहून घ्यावा.

मात्र जूनच्या याच पंधरवड्यात आपल्याकडे मृग लागलेला असतो. पराटी (कपाशी) आणि सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत शेतकरी माणूस देहाने आफ्रिकेत असला तरी त्याचे चित्त वावरात असते. माझ्या गटातील एक काका तिकडे रोज संध्याकाळी फोनला रेंज शोधत फिरायचे आणि सिंहाऐवजी ‘पाणी आलं का’ एवढेच विचारायचे. वडिलांची शेती त्यांच्याच हाताखाली असेल तर जूनचा आग्रह धरू नका. दिवाळीच्या सुटीत सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी आडवी येते, पण तो ताण पेरणीइतका नसतो. त्या वेळी माऱ्यात वाइल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या रानजनावरांचे कळप दक्षिणेकडे परतू लागलेले असतात, छोटा पाऊस केव्हाही सुरू होऊ शकतो आणि प्रवेशशुल्क दुप्पट असते.

वाइल्डबीस्टचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्ट करतो, कारण चित्रफितींमध्ये नदी ओलांडणारे कळप पाहून लोक तेच डोक्यात ठेवून जातात. दहा लाखांहून कितीतरी अधिक वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व हरणे टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मारा यांमध्ये पाऊस व गवताच्या मागे वर्षभर गोल फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला वितात आणि साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत माऱ्यात असतात. मारा नदीवरचे ते ओलांडणे पाहायचेच असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठावा लागतो, आणि तेव्हाही कळप काठावर येऊन चार-चार तास उभा राहून परत फिरतो. शिक्षकाला त्या महिन्यांत रजा मिळणे अवघड आहे, म्हणून जूनमध्ये जाणार असाल तर हे दृश्य दिसणार नाही हे घरात सर्वांना आधीच सांगून ठेवावे. ‘दिसेल कदाचित’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे.

मे महिन्याची सक्तीच असेल, म्हणजे पत्नीही नोकरी करीत असतील किंवा इतर काही अडचण असेल, तर माझे मत असे आहे की महिना बदलता येत नसल्यास देश बदलावा. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान दक्षिण गोलार्धात आहे. आपला मे म्हणजे तिथला हिवाळ्याचा आरंभ, आणि तिथला हिवाळा कोरडा असतो. मे ते सप्टेंबर या काळात तिथले गवत वाळते, झुडपे विरळ होतात, ओढे आटतात आणि प्राणी पाण्यावर येतात. ताडोब्याचा हिशेब माऱ्यात लागू पडत नाही, पण क्रूगरमध्ये तो जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो, फक्त ऊन नसते. मे महिन्यात हे नुकतेच सुरू झालेले असते, जुलै-ऑगस्टइतके जंगल उघडे नसते, तरीही महिनाअखेरीस पुष्कळ फरक दिसतो. क्रूगरचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. आपला अख्खा गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून कल्पना यावी. मुख्य रस्ते डांबरी आहेत, त्यावर ५० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांना व पाठीला हे डांबर किती मोलाचे असते ते तिसऱ्या दिवशी कळते. उद्यानाच्या आत स्कुकुझा, लोअर सॅबी, सटारा असे कुंपण घातलेले मुक्काम आहेत, तिथल्या अनेक घरांना छोटे स्वयंपाकघर असते, त्यामुळे आईंना पोळी-भाजी करता येते. ज्यांना दोन दिवस पाव खाल्ला की तिसऱ्या दिवशी पोट धरून बसावे लागते अशा आपल्या वडीलधाऱ्यांसाठी ही सोय लहान समजू नये.

क्रूगरच्या उण्या बाजूही आहेत. झाडी दाट असल्याने माऱ्यासारखा क्षितिजापर्यंतचा माळ दिसत नाही, चित्ता सहज भेटत नाही आणि सिंहासाठी नशिबाची साथ लागते. भारतातून जोहान्सबर्गला जाताना विमान बदलावे लागते, पुढे रस्त्याने पाच-सहा तास आहेत, आणि व्हिसासाठी काही आठवडे हाताशी ठेवावे लागतात. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईवडील दोघांचीही नावे असली पाहिजेत, ते आजच तपासा.

पैसा कमी असेल किंवा वडिलांना लांबचा प्रवास नको असेल तर श्रीलंकेतील ‘याला’ नावाचे राष्ट्रीय उद्यान हे मे महिन्यासाठी तिसरे उत्तर आहे. नैऋत्य मोसमी पाऊस त्या बेटाच्या दुसऱ्या अंगाला कोसळत असताना हे उद्यान कोरडेच असते. तिथे वाघ-सिंह नाहीत, त्यामुळे बिबट्याच राजा आहे आणि तो दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला दिसतो. जीपची गर्दी मात्र आपल्या दिवाळीतल्या मोहर्ली गेटला लाजवील अशी असते.

देश कोणताही ठरला तरी आपल्या हातातल्या कार्यक्रमाचा सांगाडा मला मान्य नाही. सात रात्रींत पाच मुक्काम म्हणजे रोज सामान बांधणे. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास, तिथून नाकुरू सात-आठ तास, नाकुरूहून नैवाशा जवळ आहे, पण तिथून मारा पुन्हा पाच तास आणि परतीचे नैरोबी पाच-सहा तास. बेरीज केली तर बावीस ते पंचवीस तास निव्वळ रस्त्यात जातात. तीन अभयारण्ये आणि एक सरोवर ‘झाले’ असे म्हणता येते, पण पाहणे होत नाही. अंबोसेलीहून दिसणारा ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो आणि त्यापुढून चाललेले हत्ती हे अत्यंत सुंदर दृश्य आहे, हे मी नाकारत नाही; पण पर्वत बहुतेक वेळा पहाटे आणि संध्याकाळीच ढगातून बाहेर येतो आणि त्यासाठी एक अख्खा दिवस रस्त्यावर घालवावा लागतो. मी आता कुटुंबांना नैरोबी एक, नैवाशा एक आणि मारा चार किंवा पाच रात्री असाच कार्यक्रम देतो. नैवाशाचा मुक्काम केवळ वडिलधाऱ्यांना रस्त्यात विसावा मिळावा म्हणून.

याचे कारण आपल्याला ताडोब्यावरून समजेल. एका वाघिणीचा वावर कुठे आहे, तिची पिल्ले केवढी आहेत, काल संध्याकाळी ती कोणत्या नाल्यात उतरली हे ज्या गाईडला ठाऊक असते, तोच सकाळी तिच्यापर्यंत नेतो. माऱ्यातही तसेच आहे. पहिल्या दिवशी सिंहांचे कुटुंब झोपलेले दिसते, कारण सिंह दिवसातले बहुतेक तास झोपतोच. दुसऱ्या दिवशी त्याच कुटुंबातील एक मादी वेगळी झालेली दिसते, तिसऱ्या दिवशी ती का वेगळी झाली ते समजते, कारण झुडपात तिची पिल्ले असतात. दोन रात्रींच्या पाहुण्याला पहिल्या दिवसापलीकडे काही कळत नाही.

पाहण्याची रीतही वेगळी आहे. आपल्याकडे आपण कानांनी जंगल वाचतो. चितळाने कॉल दिला, वानर खाकरले, की जिप्सी बंद करून श्वास रोखायचा. माऱ्यात मोकळे गवत असल्याने सगळे काम डोळ्यांचे असते. तिथे एक मोठे तांबूस-तपकिरी हरीण वारुळावर चढून पहाऱ्याला उभे राहते. ते एकाच दिशेला टक लावून पाहत असेल तर त्या दिशेला काही तरी आहे असे समजावे. त्या हरणाचे नाव टोपी आहे, आपल्या मुलीला ते नक्कीच लक्षात राहील. गिधाडे कुठे उतरत आहेत, झेब्रे एका रेषेत का थांबले आहेत, हे सगळे दुर्बिणीतून दिसते. म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगावर हजारो रुपये घालण्याआधी घरात दोन चांगल्या दुर्बिणी घ्या, ८ बाय ४२ मापाच्या, आणि त्यातली एक मुलीच्या गळ्यात द्या. दुर्बीण नसली की मूल अर्ध्या तासात कंटाळते.

वाहन आणि गाईड यांबद्दल कंपनीला थेट विचारा. गाडी फक्त आपल्याच कुटुंबासाठी आहे का, प्रत्येकाला खिडकी मिळते का, ती छत वर उघडणारी व्हॅन आहे की लँड क्रूझर, आणि चालक-गाईड कोण असेल. केनियात गाईडांची एक व्यावसायिक संघटना परीक्षा घेऊन त्यांना कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्या देते. आपल्या गाईडकडे यांतली कोणती पायरी आहे हे विचारल्यावर उत्तर देणारा माणूस अडखळला तर काय समजायचे ते समजा. व्हॅन स्वस्त पडते, पण तिच्यात उभे राहून पाहावे लागते, आणि आपल्या वडिलांना वारंवार उठबस जमणार नाही. लँड क्रूझरमध्ये बसल्या जागेवरून बरेच दिसते. एकूण खर्चात बचत करायचीच असेल तर तंबूच्या दर्जात करा, गाडीत करू नका. बलूनची फेरीही वगळा. माणशी चारशे-पाचशे डॉलरला ती आपल्या कुटुंबाला परवडण्यासारखी नाही आणि टोपलीत चढणे-उतरणे वडिलांना अवघड जाईल.

मधुमेही ज्येष्ठांची एक अडचण लोक संकोचाने विचारत नाहीत आणि नंतर दिवसभर पाणी न पिता बसतात. सफारीत चार-पाच तास गाडीतून उतरता येत नाही. माऱ्यात गाईड आजूबाजूचे गवत नीट पाहून, गाडी आडवी लावून, सुरक्षित ठिकाणी उतरू देतो. त्याला सकाळीच न लाजता सांगून ठेवावे. क्रूगरमध्ये मधेच उतरण्यास बंदी आहे, परंतु मुक्कामाच्या आवारांत आणि ठरलेल्या विसाव्याच्या जागांवर स्वच्छतागृहे असतात, तेव्हा मार्ग त्या हिशेबाने आखावा. औषधे दोन ठिकाणी विभागून हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि सकाळच्या फेरीत खाण्याचे काही सोबत असावे, कारण नाश्ता अनेकदा नऊ-साडेनऊला होतो.

केनिया ठरल्यास पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचा विषय सर्वांत आधी हाती घ्या. केनियाहून भारतात परतताना या लशीचे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस तालुक्याच्या रुग्णालयात मिळत नाही, केंद्र शासनाने मान्य केलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते. पासपोर्ट सोबत न्यावा लागतो, आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, ते पुढे जन्मभर चालते. साठीपुढच्या व्यक्तींना ही लस देताना डॉक्टर विशेष विचार करतात आणि अंड्याची तीव्र अॅलर्जी असणाऱ्यांना ती देत नाहीत. आपले आईवडील दोघेही साठीच्या पुढे आहेत. म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन लस देता येईल का हे विचारा, आणि वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तरी ते पत्र प्रमाणपत्रासारखेच चालेल असे गृहीत धरू नका. डॉक्टरांनी नकार दिला तर केनियाचा विचार तिथेच सोडावा. सरळ दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या भारतीयाला ही लस लागत नाही. मात्र नैरोबी किंवा अदिस अबाबा इथे विमान बदलताना थांबा लांबला तर दक्षिण आफ्रिकेत प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे तिकीट काढताना मार्ग पाहावा.

हिवतापाच्या गोळ्यांबाबत आपल्याकडचे लोक ‘आम्ही गडचिरोलीत राहून आलो आहोत’ असे म्हणून टाळाटाळ करतात. गडचिरोलीत राहून आलेल्या माणसानेच खरे तर त्या आधी घ्यायला हव्यात. मारा आणि क्रूगर दोन्हीकडे हिवताप आहे. वडिलांच्या इतर औषधांशी जुळेल अशी गोळी डॉक्टरच ठरवतील.

बाकीचे थोडक्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना सुरू केला आहे, तो प्रत्येक प्रवाशासाठी स्वतंत्र काढावा. आपण शासकीय सेवेत असल्याने परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी लागेल. तो अर्ज रजेच्या अर्जाबरोबरच करा, कारण फाइल पंचायत समितीतून जिल्ह्याला जाऊन परत यायला किती दिवस लागतात ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून चिवडा-चकल्या डब्यांत भराव्यात. प्रवास विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याची तरतूद आहे का, ते पाहावे. आणि स्वेटर घ्यावेत. ‘आफ्रिकेत कसली थंडी,’ असे म्हणून आमच्या गटातील निम्मे लोक सुती सदऱ्यांवर आले होते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे आणि पहाटे साडेसहाला उघड्या छतातून वारा लागला तेव्हा सगळ्यांनी मसाई लोकांची लाल चौकटीची शाल विकत घेऊन पांघरली. क्रूगरची मे महिन्यातील पहाटही तशीच.

राहिला वडिलांचा प्रश्न. वाघ तिकडे नाही, आणि माझ्या मते वाघाच्या तोडीचे देखणे जनावरही तिकडे नाही. सिंह थोराड असतो, पण वाघाची चाल त्याला नाही. तरीही शेतकरी माणसाला माऱ्यात पाहण्यासारखे पुष्कळ असते, फक्त ते नेहमीच्या कार्यक्रमात कोणी घालत नाही. राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. त्या अनेक कुटुंबांनी एकत्र करून पर्यटन तळांना भाड्याने दिलेल्या आहेत, त्याबद्दल जमिनीच्या हिशेबाने भाडे मिळते, आणि ठरलेल्या नियमांनुसार गुरेही तिथे चरतात. आपल्याकडे वावर ठेक्याने देतात तसाच हा व्यवहार, फक्त पीक म्हणून सिंह आणि हत्ती. अशा जमिनीवरच्या तळावर राहिले तर गाडी रस्ता सोडून नेता येते, रात्रीची फेरी करता येते आणि गर्दी कमी असते. दर जास्त पडतो, म्हणून पाचपैकी दोन रात्री तिथे काढाव्यात असे मी सुचवीन.

भद्रावती तालुक्यातील एक सत्तरीचे शेतकरी माझ्याबरोबर अशा तळावर आले होते. तीन दिवस ते सिंहांकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत होते. चौथ्या दिवशी सकाळी तळाबाहेर चालताना त्यांनी खाली वाकून माती हातात घेतली, चुरडली आणि म्हणाले, ‘हे त आपल्याच वावरातली माती हाय.’ तेवढ्यात एक मसाई गुराखी गाई घेऊन आला. मग आमच्या गाईडला मध्ये घालून दोघांचे दीड तास बोलणे चालले: गाय दूध किती देते, गोठ्याला काट्यांचे कुंपण किती उंच लागते, रात्री राखणीला कोण असते. शेवटी यांनी विचारले की सिंहाने गाय मारली तर सरकार काय देते. गुराखी हसला आणि म्हणाला की पैसे मिळतात, पण कागद फार लागतात, माणूस पाहायला येतो आणि मग वाट पाहावी लागते. हे ऐकून आमचे काका माझ्याकडे वळले. ‘म्हणजे पंचनामा इथंबी हायच,’ असे म्हणून त्यांनी त्या गुराख्याला खिशातली तंबाखूची चंची काढून दिली.